साखर प्रथिनाला चिकटते तेव्हा : नंदुरबार जिल्ह्यातील प्रमेही आणि ‘तीन महिन्यांची साखर’

प्रमेहाचा रुग्ण आज चिकित्सालयात येतो, तो नाडी पुढे करण्याआधी कागद पुढे करतो. त्या कागदावर एक आकडा असतो, त्याखाली लाल शाईची रेघ असते, आणि त्या आकड्यावरच आमच्या औषधाची परीक्षा व्हावी अशी रुग्णाची अपेक्षा असते. एचबीए१सी हे नाव आता खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. लोक त्याला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. नाव सोयीचे आहे, पण त्यात एक गफलत आहे. ही चाचणी साखर मोजतच नाही. ती एक प्रथिन मोजते. त्या प्रथिनाला साखर किती चिकटली आहे, एवढेच ती सांगते. ते प्रथिनच निराळे असेल, किंवा त्याचे आयुष्य कमी-अधिक झाले असेल, तर आकडा आपल्याला फसवतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात असे निराळे प्रथिन अंगी असणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. म्हणूनच पुण्यात झालेल्या एका संशोधनाचा परामर्श या लेखात घेण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या कुशीतील एका पाड्यावरून चाळिशी ओलांडलेली एक स्त्री आमच्याकडे येत असे. देहाने कृश, वर्ण पांडुर, अधूनमधून सांधे आणि अस्थी यांत तीव्र शूल. एका शिबिरात तिची साखर वाढलेली आढळली होती आणि सरकारी दवाखान्यातील गोळ्या सुरू होत्या. सांध्यांच्या वेदनेस आम्ही आमवात समजून सिंहनाद गुग्गुळ देत होतो. प्रमेहासाठी विजयसार, हरिद्रा-आमलकी आणि चंद्रप्रभा वटी अशी योजना केली. उपाशीपोटी रक्त द्यायचे तर पहाटे उठून डोंगर उतरायचा, मग गाडीची वाट पाहायची. म्हणून सोयीसाठी आम्ही केवळ एचबीए१सी करून घेतले. आकडा आला ५.४. आम्हांस आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला. गोळ्या निम्म्या करण्याचा सल्ला आम्हीच दिला.

दोन महिन्यांनी तिचा मुलगा तिला घेऊन आला तो पायावरील न भरणारा व्रण दाखवायला. जेवणानंतर दोन तासांची साखर तिथल्या तिथे मोजली, ती ३१२ निघाली. “डॉक्टरसाहेब, कागदावर तर साखर नव्हती,” मुलगा म्हणाला. त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. पुढे रुग्णालयात एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने तिच्या डोळ्यांतील पिवळी झाक पाहून सिकलसेलची तपासणी करविली. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आली, इलेक्ट्रोफोरेसिसने ती वाहक नसून रुग्णच असल्याचे सिद्ध झाले. आमचा आमवात आमवात नव्हता आणि आमचे ५.४ हेही ५.४ नव्हते.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे बनलेले असते : दोन आल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीच्या अगदी पहिल्या जागी व्हॅलीन नावाचे अमिनो आम्ल असते आणि रक्तातील ग्लुकोज तेथेच जाऊन चिकटते. या क्रियेला कोणतेही विकर लागत नाही. साखर जितकी जास्त आणि सहवास जितका दीर्घ, तितके चिकटणे अधिक. भाजताना भाकरीला येणारा तांबूस रंग प्रथिन आणि साखर यांच्या याच जातीच्या संयोगातून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले होते. मधुमेहींच्या रक्तात असे साखर चिकटलेले हिमोग्लोबिन अधिक असते, हे तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांनी १९६८ साली दाखविले. त्याचा उपयोग रुग्णावर देखरेख ठेवण्यासाठी होऊ शकतो, हे अमेरिकेत कोएनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडले. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६.५ टक्के ही निदानाची मर्यादा मान्य केली. या सर्व गणितामागे एक गृहीतक आहे. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तिच्यावर चिकटलेली साखर म्हणजे तीन महिन्यांची नोंद.

आता सिकलसेलकडे पाहू. १९४९ साली पॉलिंग यांनी या व्याधीस रेणूचा रोग म्हटले. १९५६ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी दोष नेमका कोठे आहे ते दाखविले : त्याच बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. साखर चिकटते पहिल्या जागी, दोष सहाव्या जागी. दोहोंत पाच पावलांचे अंतर. काही यंत्रे साखळीच्या आरंभीचा तुकडा ओळखून मोजमाप करतात, काही विद्युतभारावरून प्रथिने वेगळी करतात. दोन्ही पद्धतींत या शेजाऱ्याचा अडथळा होऊ शकतो. पण यंत्र अडथळ्यावर मात करणारे असले, तरी मूळ अडचण सुटत नाही. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १२० दिवस जगतच नाही. १० ते २० दिवसांतच तिचा नाश होतो. साखर चिकटायला अवधीच मिळाला नाही, तर आकडा कमी येणारच. शिवाय ज्याच्यात दोन्ही जनुके सदोष आहेत त्याच्या रक्तात, बाहेरचे रक्त चढविलेले नसेल तर, सामान्य हिमोग्लोबिन ए नसतेच. मग त्याचे ए१सी कोठून येणार?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याचा का आहे, ते आकड्यांवरूनच ध्यानात येईल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. डॉ. काटे आणि डॉ. लिंगोजवार यांनी महाराष्ट्रातील सिकलसेलच्या प्रसाराविषयी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात भिल्ल आणि पावरा यांचा समावेश या दोषाचे प्रमाण २० ते ३५ टक्के असलेल्या जमातींत केला आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. यांतील बहुसंख्य लोक वाहक असतात, रुग्ण नव्हेत. वाहकाची लाल पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगते आणि त्याला त्रासही सहसा नसतो. तरीही २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, उपाशीपोटीची साखर सारखी असताना वाहकांचे एचबीए१सी सरासरी ५.७२ आणि इतरांचे ६.०१ होते. हा अभ्यास आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन लोकांचा आहे. आमच्या भिल्ल-पावरा बांधवांना तो जसाच्या तसा लागू करणे घाईचे ठरेल. तथापि दिशा स्पष्ट आहे.

येथवर आकडा खाली ओढणाऱ्या कारणाचा विचार झाला. त्यास वर ढकलणारी कारणेही याच जिल्ह्यात आहेत. पुण्याचे संशोधन त्यांतील एकाविषयी आहे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहातील साखर चिकटलेल्या प्रथिनांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या कामातील एक सूत्र आम्हांस विशेष मोलाचे वाटते. रक्तरसात सर्वाधिक प्रमाणात असणारे प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. यकृतात ते तयार होते आणि निरोगी माणसाच्या रक्तरसातील निम्म्याहून अधिक प्रथिन तेच असते. साखर वाढली की ती सर्वांत अधिक या अल्ब्युमिनलाच चिकटते. म्हणजे हे प्रथिन एका अर्थी साखरेचा मारा स्वतःवर घेते आणि इतर, कमी प्रमाणात असणाऱ्या प्रथिनांचा बचाव करते. ही स्पर्धा २००८ साली या गटाने परीक्षानळीत दाखविली. मग सहज प्रश्न उद्भवतो : ज्या मधुमेहीच्या रक्तात अल्ब्युमिनच कमी आहे, त्याच्या बाकीच्या प्रथिनांचे काय होत असेल?

हेमांगी भोंसले आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. त्यांनी तीन ठिकाणी शोध घेतला. प्रथम स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेही केलेले उंदीर, मग मधुमेही रुग्णांचा रक्तरस, आणि शेवटी प्रयोगशाळेत मुद्दाम अल्ब्युमिन काढून घेतलेला रक्तरस. उंदीर आणि रुग्ण या दोहोंतही कमी अल्ब्युमिन असलेल्यांच्या रक्तरसातील प्रथिनांवर अधिक साखर चिकटलेली आढळली. इतकेच नव्हे, तर अल्ब्युमिन आणि एचबीए१सी यांचे नाते व्यस्त दिसले : अल्ब्युमिन जितके कमी, एचबीए१सी तितके अधिक. तिसऱ्या प्रयोगाने कारणही समोर आले. ढाल काढून घेतली की बाण इतरांस लागतात, अशीच ही गोष्ट.

याच गटाचे पुढचे काम चिकित्सेच्या दिशेने गेले. रक्तदाबासाठी फार पूर्वीपासून वापरात असलेले हायड्रॅलाझिन हे औषध प्रथिनावर चिकटलेली साखर स्वतःकडे ओढून घेऊ शकते आणि मधुमेही उंदरांत साखरेने विकृत झालेल्या प्रथिनांचे प्रमाण त्याने घटते, असे २०१३ च्या निबंधात त्यांनी नोंदविले. २०१६ मध्ये त्यांनी बीटा साखळीच्या त्याच पहिल्या व्हॅलीनवर नंतरच्या टप्प्यात होणारे विकार मोजण्याची पद्धत मांडली, हेतू असा की निदान अधिक नेमके व्हावे. साखर कमी करणे ही एक वाट आणि साखरेने प्रथिनाची केलेली हानी थोपविणे ही दुसरी, अशा दोन वाटा या संशोधनातून दिसतात. हायड्रॅलाझिनविषयीचा प्रयोग उंदरांवरचा आहे, याचा विसर पडू देऊ नये. असे वृत्त छापून येताच ‘मधुमेहावर रामबाण उपाय सापडला’ अशी हाकाटी पिटणाऱ्यांपासून दूर राहिलेले बरे. आपल्या क्षेत्रातही ‘प्रथिनाला साखर चिकटणे म्हणजेच आम’ असे समीकरण घाईने मांडणारे लेख आम्ही वाचतो. ते आम्हांस पटत नाही. समानता दिसणे निराळे आणि एकरूपता सिद्ध होणे निराळे.

आता हे सूत्र आमच्या डोंगराळ भागातील रुग्णावर ठेवून पाहावे. अन्न अपुरे, प्रथिने अपुरी, वरचेवर ज्वर, कधी यकृताचा विकार. अशा देहात अल्ब्युमिन कमी असणे नवलाचे नाही. पुण्याचा निष्कर्ष येथे लागू पडत असेल, तर अशा प्रमेहीचा एचबीए१सीचा आकडा त्याच्या साखरेच्या मानाने चढा दिसेल. आणि अधिक चिंतेची बाब ही की, त्याच्या देहातील प्रथिनांची हानीही अधिक होत असेल. त्यातच तो सिकलसेलचा वाहक वा रुग्ण असला तर तोच आकडा उलट दिशेने ओढला जाईल. एकाच माणसात दोन चुका, एक वर, एक खाली. कोणती किती, हे कागद सांगत नाही.

तिसरे कारण तर थेट आमच्या औषधपेटीत आहे. लोहाच्या अभावाने होणाऱ्या पांडुरोगात साखर मुळीच वाढलेली नसताना एचबीए१सी वाढलेले दिसते. तुर्कस्तानातील चोबान आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मधुमेह नसलेल्या अशा ५० रुग्णांना तीन महिने लोह दिले, तेव्हा त्यांचे सरासरी एचबीए१सी ७.४ वरून ६.२ वर आले. मधुमेह नव्हताच, केवळ लोहाने आकडा एका टक्क्याहून अधिक उतरला. वैद्यबंधूंनी येथे क्षणभर थांबावे. चंद्रप्रभा वटीत लोहभस्म आहे. पांडुरोगी प्रमेहीस आपण नवायस लोह देतो, पुनर्नवा मंडूर देतो, आणि ते योग्यच आहे. पण तीन महिन्यांनी आकडा उतरला, तर त्याचे श्रेय प्रमेहघ्न द्रव्याला द्यावयाचे की मंडुराला?

याच दृष्टीने आम्ही विजयसाराच्या प्रसिद्ध चाचणीकडे पुन्हा वळलो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली, तर सरासरी एचबीए१सी ९.८ वरून ९.४ वर आले. विजयसाराविषयी आमचा आदर यामुळे तसूभरही कमी होत नाही. त्या अभ्यासकांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजली होती, केवळ या एका आकड्यावर विसंबले नव्हते, हेच त्याचे बळ. परंतु बारा आठवड्यांतील फरक ०.४ चा आहे, हे पाहावे. लोहाने पडणारा फरक त्याहून मोठा असू शकतो. वाहक असल्याने पडणारा ०.३ चा फरक तसा स्थिर असतो. तो आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही आकड्यांत सारखाच राहतो, म्हणून तुलना बिघडवीत नाही. निदानाच्या वेळी मात्र तो ६.६ चे ६.३ करून दाखवील आणि रुग्णास प्रमेह नाही असे सांगून घरी पाठवील. पांडुता तुलनेतच घोटाळा करते, कारण उपचाराने ती बदलते.

शास्त्रकारांनी प्रमेही दोन प्रकारचे मानले आहेत, हे येथे आठवते. सुश्रुतांनी सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद करून पहिला कृश, रूक्ष, अल्पाशी सांगितला. चरकांनी स्थूल-बलवानास संशोधन आणि कृश-दुर्बलास बृंहण असा चिकित्साभेद केला. आधुनिक वैद्यकाचा मात्र कृश मधुमेहीविषयी बराच काळ गोंधळ होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेह हा वेगळा वर्ग मानला आणि त्यात प्रथिनांच्या अभावाने होणारा असा उपप्रकारही ठेवला. १९९९ साली तो वर्ग वगळला. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत त्यास ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून पुन्हा मान्यता दिली. तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. आमच्या पाड्यांवरील कृश प्रमेहीस मात्र लंघन आणि कडक पथ्य सांगणे हा शास्त्राचा अपलाप आहे, एवढे आम्ही निःशंकपणे म्हणू. त्याची भाकरी, डाळ, अंडी-मासे तोडून आपण त्याचे अल्ब्युमिन आणखी उतरवतो. पुण्याच्या प्रयोगाचा खरा व्यावहारिक बोध आम्हांस येथे दिसतो.

त्या चुकीनंतर आमच्या चिकित्सालयात काही रीती बदलल्या. केवळ एचबीए१सीवर आता आम्ही औषध वाढवीत नाही आणि कमी तर मुळीच करीत नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बोटाच्या थेंबावर मोजतो. ग्लुकोमीटर साखरच मोजतो, त्यास या हिमोग्लोबिनच्या दोषाचा अडथळा होत नाही. ज्यांना पहाटे डोंगर उतरणे शक्य नाही त्यांची निदान जेवणानंतरची तरी होतेच. प्रत्येक नव्या प्रमेहीचे हिमोग्लोबिन पाहतो आणि सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते विचारतो. येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीसाठी वयोगट ठरला तो ४० वर्षांपर्यंतचा. आमचे बहुतेक प्रमेही त्यापलीकडचे. म्हणजे ज्याच्या बाबतीत हा घोटाळा होण्याची शक्यता सर्वाधिक, तोच तपासणीच्या जाळ्यातून निसटतो. मुलाकडे किंवा नातवाकडे सिकलसेलचे कार्ड असेल, तर आजोबांचा विचार करावा. हा प्रश्न विचारण्यास खर्च काहीच येत नाही.

शंका असेल तेथे फ्रुक्टोसामीन किंवा साखर चिकटलेले अल्ब्युमिन, अर्थात ग्लायकेटेड अल्ब्युमिन, यांची तपासणी उपयोगी पडते. अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचे असल्याने ती दोन-तीन आठवड्यांची स्थिती सांगते आणि लाल पेशीच्या आयुष्याशी तिचा संबंध येत नाही. अल्ब्युमिनच फार कमी असेल तर फ्रुक्टोसामीनही फसवे ठरते, तेव्हा अल्ब्युमिनचा आकडा सोबत हवाच. ही तपासणी सर्वत्र होत नाही; नमुना बाहेर पाठवावा लागतो. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी वारंवार मोजलेली बोटाची साखर हाच आधार.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. आपल्या काउंटरवर कागद घेऊन येणारा ग्राहक पुष्कळदा वैद्याकडे जातच नाही. “आकडा उतरला, आता गोळ्या बंद करून हेच चूर्ण घेऊ का?” असे तो आपल्यालाच विचारतो. त्याला ‘घ्या’ म्हणू नये. जेवणानंतरची साखर मोजून वैद्यास भेटा, असे सांगावे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे, हे बहुतेकांस ठाऊक आहे. उतरलेल्या आकड्यांचे कागद दुकानात चिकटवून ठेवणे हीही एक जाहिरातच होय. असे कागद आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांतील एखादा आमच्या त्या रुग्णेसारख्याचा नसेल कशावरून, असा विचार मनात आल्याशिवाय राहिला नाही.

त्या स्त्रीचा व्रण भरायला चार महिने लागले. एक बोट गमवावे लागले. आता तिला इन्सुलिन चालू आहे, सिकलसेलचे उपचार रुग्णालयातून होतात, आणि आमच्याकडून ती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीने केवळ आहार आणि आमलकी घेते. तिच्या मुलाची तपासणी झाली, तो वाहक निघाला. गेल्या पावसाळ्यात तो स्वतःची साखर तपासायला आला तेव्हा आमच्या सहायकाने सवयीने एचबीए१सीचा अर्ज पुढे केला. मुलाने तो परत सरकवला आणि म्हणाला, “जेवून आलोय, दोन तासांनी बोटाची घ्या.”